टिंब

गुब्राला आम्ही समुद्राचं पाणी गोड करतो.
गोड म्हणजे साखरेचं नव्हे, नुसतं अळणी.
मराठीत असं म्हणायची रीत आहे
हे खलफानला समजावता समजावता पाळी संपली.
तो म्हणाला, खलास.

खलास हा इथला सगळ्यात राबणारा शब्द.
पंप खलास. चहा खलास.
सेल्वन खलास, म्हणजे मेला नाही,
करार संपला, गावी गेला.
कधी विशेषण, कधी क्रियापद,
कधी नुसता झटकलेला हात.
आमच्या गद्रेबाईंनी फळ्यावरच्या कुठल्या रकान्यात
बसवला असता, कोण जाणे.

घरी शर्वाणी भाषा बनवते आहे.
ती आणि तळमजल्यावरची माहीकान,
दोघी जिन्यात, एसीचं पाणी ठिबकतं त्याच्या बाजूला,
मधे एक वही, कोपरे ओले.
माहीकाननं तिला आपली अक्षरं दाखवली होती:
होडी एकच काढायची.
पोटाखाली टिंब दिलं की ब,
डोक्यावर एक दिलं की न, दोन दिली की त.
शर्वाणीला ते इतकं आवडलं
की तिनं होड्या सोडून दिल्या
आणि टिंबं घरी आणली.

आता त्यांच्या भाषेत
वर टिंब म्हणजे वस्तू,
खाली टिंब म्हणजे काम,
शेजारी टिंब म्हणजे कसं आहे ते.
'झिमू', वर टिंब: मीठ.
'झिमू', खाली टिंब: रुसणे.
मी विचारलं, मिठाचा रुसण्याशी काय संबंध?
म्हणाली, तुझ्या शर्टावर काखेत येतं ना पांढरं,
तू घासतोस तरी जात नाही,
तसं.

मी म्हणालो, असं नसतं गं. नाम ते नाम.
तिनं पेन्सिल चावली.
मग डोळे पाणावतात, ते काय?

एकोणीस वर्षं मी पाण्याच्या धंद्यात.
माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.
त्या रात्री टाकीवर मोजमाप घेताना
एकटाच पुटपुटत होतो,
हात, हाताळणे. लाथ, लाथाडणे.
दगड, दगडावणे.
भाकरी मात्र भाकरीच राहते,
तिच्याकडून कुणी काही करवून घेतलेलं नाही.

उलटंही होतं.
माझ्या खिशातल्या कार्डावर
'राहणे' या क्रियापदाचं नाम झालं आहे.
त्यावर फोटो आहे, पेशा आहे
आणि मुदत, अकरा मार्च.
नव्या कारखान्यात माणसं कमी लागणार आहेत,
असं खलफान बोलला नाही.
त्यानं मला स्वतःच्या डब्यातला हलवा दिला, दोनदा.

काल ती झोपल्यावर वही उघडली.
चुकलंच, पण उघडली.
'तेवा' म्हणजे घर.
वर टिंब नाही, खाली नाही, शेजारी नाही.
कागद उजेडाला धरून पाहिला,
खोडल्याची खूणही नव्हती.
समासात माहीकानच्या गोल अक्षरात एक प्रश्नचिन्ह,
अरबी वळणाचं, उलट्या तोंडाचं,
आणि खाली शर्वाणीचं उत्तर:
थांब, अजून कळलं नाही
ही वस्तू आहे की काम.

पेन्सिल तिथेच होती.
उचलली. ठेवली.

पुढच्या पानावर 'बाबा'.
हा शब्द तिनं बदलला नव्हता,
फक्त दोन्ही ब-च्या खाली
दाबून, कागदाला भोक पडेल इतकं, टिंब.
अर्थ: रात्री दोन वाजता
दार आवाज न करता लावणे.
वाक्यात उपयोग:
माहीकानचा भाऊ कधीच बाबात नाही,
सगळी बिल्डिंग जागी होते.

आज पाळीवरून आलो,
चप्पल जिन्यातच हातात घेतली,
किल्ली मुठीत दाबून फिरवली.
कडीनं शेवटच्या क्षणी थोडंसं कुरकुर केलं.
आतून झोपेत कूस बदलल्याचा आवाज,
मग काही नाही.

बाबालो.
जवळजवळ.